हादग्याचा डबा घेऊन भाज्याला

जन्मभर मी लोकांना पुणे स्टेशनात सोडलं, पण स्वतः आगगाडीत बसायची वेळ फारशी आली नाही. टांगेवाल्याचं असंच असतं. त्यामुळे परवा अश्विनात ज्या फाटकापाशी माझा टांगा उभा राहायचा, तिथंच मी उतारू म्हणून उतरलो तेव्हा मला कसंतरीच झालं. टांगा गणपतचा होता. घोडा सर्जा, म्हणजे मुळात माझाच. गुडघे गेले आणि पाठोपाठ बायको गेली, तेव्हा घोडा गणपतला देऊन टाकला.

आळीतली मंडळी म्हणाली, आबा, जाऊन आलात तर लिहून काढा. मी चार यत्ता शिकलोय. चौथीत मास्तर मला कंटाळले आणि मी मास्तरांना. तेव्हा चुकलंमाकलं तर मास्तरांना धरा.

आधी कारण सांगतो. माझी बायको गोदा मळवलीजवळच्या भाजे गावची. दर अश्विनात ती हादग्याला (आपल्याकडचा भोंडलाच तो. पाटावर हत्ती काढून मुली-बायका भोवती फेर धरतात) माहेरी जायची. फेर झाला की खिरापत ओळखायची. एकीनं झाकणाचा डबा वाजवायचा आणि बाकीच्यांनी आत काय खायचं आहे ते सांगायचं. शेवटच्या दिवशी गोदाचा डबा असायचा आणि तो ओळखायचा मान जैनू नावाच्या तिच्या लहानपणच्या मैत्रिणीचा. जैनूला ओळखता आलं नाही तर जैनूनं, आणि आलं तर गोदानं, हाताची सोंड करून हत्तीसारखं डुलत पाटाभोवती एकटीनं फेरा घालायचा. केस पिकले तरी दोघींची ही खोड गेली नव्हती.

गोदा कधीच जिंकली नाही. परतीच्या गाडीनं आली की मी स्टेशनात टांगा घेऊन उभा. हातभर हिरव्या बांगड्या वाजवत ती यायची. मी विचारायचो, "जिंकलीस?"

"थोडक्यात गेलं. पुढच्या वर्षी बघा तुम्ही."

हे ती इतक्या मोठ्यानं म्हणायची की सगळ्या टांग्याच्या अड्ड्याला ते पाठ झालेलं. डब्यात काय होतं ते मात्र मला कधी सांगितलं नाही. खिरापत आधी फोडायची नसते आणि हरलेली नंतर सांगायची नसते, असं तिचं म्हणणं.

गेल्या वर्षी ज्येष्ठात ती गेली. जायच्या आधी म्हणाली, "आता मी काही जात नाही हादग्याला. डबा तुम्ही न्या. जैनूला हरवा."

"त्यात घालू काय?"

"ते तुमचं तुम्ही बघा. सगळं मीच सांगू?"

गेला अश्विन दुःखाचा होता, कुठं जायचं नव्हतंच. यंदा वर्षश्राद्ध उरकलं आणि जो तो मला सांगायला लागला, पाऊस उघडलाय, मावळात जाऊन मजा करा. बायको गेलेल्या म्हाताऱ्याला लोक मजा औषधासारखी सांगतात. सकाळ-संध्याकाळ, कोमट पाण्याबरोबर. मला मजा नको होती. मला जैनूला पाडायचं होतं.

"डब्यात काय आहे, आबा?" गणपतनं फाटकापाशी विचारलं.

"काही नाही."

"मग छातीशी कशाला धरलाय?"

"हात मोकळे सोडायची सवय नाही. आणि हे बघ, अश्विन चाललाय, सर्जाचे चणे वाढव. अश्विनात घोडं जास्त खातं."

"ठाऊक आहे. सगळ्या अड्ड्याला तुम्हीच शिकवलंय."

ते खरं आहे. दर अश्विनात आमच्या घरी सर्जाच्या चण्या-गुळाची पिशवी एकदम तळाला जायची. सर्जाच्या आधीच्या घोड्याचंही तसंच. त्यावरून मी हे शास्त्र काढलं होतं आणि नव्या टांगेवाल्यांना फुकट शिकवलं होतं. मी बंडीच्या खिशातून मूठभर चणे आणि गुळाचा खडा काढून सर्जाला चारला. घोडा दिला होता, खिसा काही दिला नव्हता. तो अजून भरलेला असतो.

गाडी चांगली पळते. तोंडाला फेस नाही, चाबूक नाही. फक्त पुढून कोळसा उडतो आणि नेमका डोळ्यात जातो. तळेगाव गेलं, कान्हे गेलं, कामशेत गेलं. दोन्ही बाजूला भात पिवळं पडायला लागलेलं, डोंगरावर सोनकीची पिवळी फुलं. हळदीच्या दिवसाचं घर असतं तसा सगळा मुलूख. बघून बरं वाटलं, हे कबूल करतो.

माझ्या टांग्यात उतारूचं ठिकाण आलं की मी मागं वळून "आलं बरं का तुमचं" म्हणून सांगत असे. इथंही कुणीतरी सांगेल म्हणून मी वाट बघत बसलो. बराच वेळ झाल्यावर समोरच्याला विचारलं, "मळवली कधी?"

"मळवली? मघाशीच गेली की."

"मग सांगायचं नाही?"

"तुम्हाला उतरायचंय हे मला काय ठाऊक?"

"डबा मांडीवर घेऊन बसलोय. उतरणारच ना कुठंतरी!"

त्याला हे पटलं नाही. अशा रीतीनं मी लोणावळ्याला पोचलो. तिकीटमास्तरनं जास्तीचे पैसे घेतले आणि उपदेश फुकट दिला. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून म्हटलं, आलोच आहोत तर बघू इथली मजा.

लोणावळ्याची मजा म्हणजे हवा. मुंबईची माणसं इथं येऊन हवा खातात. अश्विनाचं ऊन डोकं फोडत होतं आणि एक गृहस्थ गळ्याला लोकरी गळपट्टा गुंडाळून दरीच्या कडेला उभे राहून नाकानं हवा ओढत होते. ओढायचे, थांबायचे, सोडायचे. माझा एक घोडा दम्यानं गेला, तो शेवटी असंच करायचा. म्हणून जवळ जाऊन विचारलं, "बरं वाटत नाही का?"

"छे, छे! हवा खातोय. डॉक्टरांनी सांगितलंय."

"पोट भरलं?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "दरी बघा. मन कसं विशाल होतं!"

मी दरी बघितली. खाली खोल होतं. जन्मभर घोड्याच्या मागे बसलेल्या माणसाला दरी बघून पहिला विचार येतो तो लगामाचा. मी चार पावलं मागं सरकून उभा राहिलो. तिथून दरी दिसत नव्हती, पण मन तेवढंच राहिलं.

लोणावळ्यात एक गोष्ट मात्र कामाची मिळाली. चिक्की (गूळ-शेंगदाण्याची कडक वडी). इतकी कडक की माझी हलती दाढ घाबरून जागच्या जागी बसली. मी डबा चिक्कीनं भरला, वाजवून बघितला. असा आवाज भाज्यात कुणी ऐकला नसेल. जैनूबाई, म्हटलं, सोंड तयार ठेवा.

परतताना मी गाडीत बसलोच नाही. दारात उभा राहिलो आणि मळवली दिसताच, गाडी थांबायच्या जरा आधीच, उतरलो. म्हणजे उतरलो असं मी म्हणतो. बघणारे पडलो म्हणतील.

फलाटाच्या टोकाला झाडाखाली एक म्हातारी सीताफळांची पाटी घेऊन बसली होती. वाळक्या शेंगेसारखी बारीक, डोळे मात्र लकलकीत. पडताना माझ्या मदतीला आली नाही, हसून घेतलं आणि मग म्हणाली, "डबा लय घट धरलाव, बाबा. डोस्कं फुटलं आसतं तरी डबा ऱ्हायला आसता. बसा. सीताफळ घ्या."

मी एक फळ दाबून बघितलं.

"आवं, फळ हाय त्ये, घोडं न्हाय चापसून बघायला. कुटं निगालाव?"

"भाज्याला. सोपान माझा मेहुणा."

तिनं एकदा माझ्याकडं, एकदा डब्याकडं बघितलं आणि सगळ्यात मोठं सीताफळ फोडून माझ्या हातात दिलं. सीताफळ खाणं ही अश्विनातली खरी मजा. तोंडात गर, गालात बिया आणि बोलायची सोय नाही. पण मला बोलल्याशिवाय राहवेना.

"तुमच्या भाज्यात ती जैनू म्हणून आहे ना, तिला पाडायला आलोय."

"जैनू? वळखते की. लय आगाव बाई!"

"आमची गोदा म्हणायची, कान सशाचे आणि जीभ कात्रीची."

म्हातारीला एकदम ठसका लागला. बी घशात गेली असावी. डोळ्याचं पाणी पदरानं पुसत म्हणाली, "आसं म्हनायची व्हय? आन डब्यात काय भरलंया?"

खिरापत फोडायची नसते, पण ही तर वाटेवरची अनोळखी बाई. मी झाकण उघडून दाखवलं.

"हात्तिच्या! चिक्की? ही कडाकड वाजतीया, भैरं मानूस बी वळखंल. बगू, द्या आनिक येक. कशी वाजती ती तोंडात टाकल्याबिगार कळत न्हाई."

एकाची दोन झाली. मग तिनं मला आणखी एक सीताफळ दिलं, मी तिला आणखी चिक्की दिली. ऊन उतरलं तेव्हा आमच्यामध्ये बियांचा ढीग होता आणि डबा रिकामा. बाई भली होती. वेळेवर सावध केलं म्हणून मी तिचे आभार मानले. ती म्हणाली, "आभार कसलं, आपलं कामच हाय."

सोपान गोदाचा धाकटा भाऊ, साठीचा झाला तरी धाकटाच. त्यानं पायावर पाणी घातलं आणि त्याची बायको तारा म्हणाली, "दाजी, औंदा डबा आनलाव न्हवं? काय हाय त्यात?"

"सांगायचं नसतं."

"ऱ्हाऊ द्या. आमी न्हाई इचारत."

दुसऱ्या दिवशी सोपान मला खेकडे धरायला घेऊन गेला. भातखाचराच्या बांधाला खेकड्यांची बिळं असतात. बिळात हात घालायचा आणि आत जे असेल ते बाहेर काढायचं. "लय मजा येतीया, दाजी," सोपान म्हणाला.

"आत साप असला तर?"

"मग बिगीनं हात काडायचा."

मी हात घातला. मी खेकडा धरला की खेकड्यानं मला, यावर सोपानचं आणि माझं अजून एकमत नाही. मी बांधावरून खाचरात बसलो, बसलो तो कमरेपर्यंत गेलो. बाजूला गवत कापणाऱ्या बायका विळे टाकून हसल्या. सोपान मला ओढता ओढता स्वतः पडला, तेव्हा मलाही हसू आलं. गोदा गेल्यापासून पहिल्यांदाच आलं, म्हणून ते जरा गंजलेल्या कडीसारखं वाजलं. सोपान चमकून बघायला लागला.

पण त्या चिखलात मला युक्ती सुचली. जिवंत खेकडा डब्यात घालायचा! वाजवायची गरज नाही, आपणच वाजेल. जैनू म्हणणार लाडू, आतून निघणार नांगी. सगळ्यांत दांडगा खेकडा मी डब्यात घातला, झाकणाला फट ठेवली आणि रात्री डबा उशाला घेऊन झोपलो. रात्रभर तो आत खरवडत होता. घरात कुणीतरी जागं आहे असं वाटून मला झोप चांगली लागली.

हादग्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी सोपाननं मला लेणी दाखवायला वर नेलं. डोंगरात कोरलेल्या खोल्या आहेत. भाडं नाही, कुलूप नाही, तरी कुणी राहत नाही. पुण्यात अशा खोल्या असत्या तर एकेकीत चार बिऱ्हाडं असती. सोपाननं एक दगड दाखवला. "आक्का हितं बसायची, शेरडं राकताना. मला पाण्याला पिटाळायची आन आपुन बसायची."

मी त्या दगडावर बसून बघितलं. खाली पिवळं भात, मधून इंद्रायणी, लांबवर आगगाडीची धुराची रेघ. ती इथं बसून गाडी बघत असणार. पुढं तीच गाडी तिला माझ्याकडं आणेल हे तिला तेव्हा कुठं ठाऊक? सोपानला मी पाण्याला पिटाळलं. तो परत येईपर्यंत डोळे पुसून झाले.

खाली येऊन जेवायला बसलो. खेकड्याचं कालवण झणझणीत झालं होतं. दोन भाकरी हाणल्यावर तारा म्हणाली, "डब्यातला बी घातला, दाजी. त्ये येकटंच कशाला ठिवायचं बिचारं?"

माझ्या तोंडात नांगी होती. तो तोच होता की दुसरा, देव जाणे. अंगणात पाट मांडून झाला होता, पोरींचा किलबिलाट ऐकू येत होता आणि माझा डबा राखेनं घासून उलटा घातलेला! घरात तांदूळ होते, मिरच्या होत्या, खिरापतीला लायक काही नव्हतं. ताराला मागावं तर गुपित फुटलं. मी चरफडत बंडी चढवली, खिशात हात गेला आणि हाताला चणे लागले. गुळाचे खडेही होते. मागचा पुढचा विचार न करता सगळं डब्यात ओतलं आणि झाकण दाबलं. चणे-गूळ खिरापतीला कोण आणतं? सुचणारच नाही तिला.

अंगणात पाटावर तांदळाचा हत्ती काढलेला, त्याला तेरड्या-झेंडूची माळ. गावातले पुरुष लांबूनच निघून जात होते. एकटा मी पाटाजवळ डबा घेऊन बसलेलो, दाखवायला आणलेल्या मुलीसारखा. फेर झाला, गाणी झाली. मग बायकांनी वाट करून दिली आणि डोक्यावर पदर सावरत पुढं आली ती सीताफळवाली म्हातारी.

"ही कोण?" मी ताराला विचारलं.

"हीच की जैनूमावशी."

जैनू माझ्यासमोर बसली. "काय दाजी, चिक्की पचली का?"

सगळ्या बायका फिसकन हसल्या. म्हणजे मळवलीची हकिकत घरोघर पोचली होती. मला राग आला, पण तिनं फसवलं त्यात माझं फारसं काही गेलं नव्हतं. दोन सीताफळं मिळालीच होती. मी डबा वाजवला.

"शेंगदानं!" एक पोरगी ओरडली.

"नाही."

"बत्तासं! चुरमुऱ्याचा लाडू! खेकडा!"

"खेकडा मघाशीच खाल्ला," मी म्हटलं. "हरलात म्हणा."

"तिकाट का ग्वाड?" जैनूनं विचारलं.

"अर्धं अर्धं."

तिनं डबा माझ्या हातातून घेतला. वाजवलाच नाही. झाकणाजवळ नाक नेलं, एकदा वास घेतला आणि डोळे मिटले. तिच्या तोंडावरची थट्टा गेली.

"चनं आन गूळ," ती म्हणाली. "घोड्याच्या वाटनीचं."

मी झाकण काढलं नाही. "हे कसं ओळखलंस?"

"त्यात वळखायचं काय, दाजी? हरसाल ह्येच आनायची ती."

"हरसाल?"

"हरसाल! टांग्यात बसायच्या आदी तुमच्या घोड्याच्या पिशवीतनं घ्यायची, पदराखाली. डब्याला ह्योच वास. मी डोळं झाकून 'चनं-गूळ' म्हनायची, आन ती कपाळाला हात लावायची. 'आता गं बाई, कसं वळखलंस!' दरसाली तसंच."

"आमाला वाटलं," तारा म्हणाली, "तुमी तरी कायतरी नवं आनाल."

माझं अश्विनातल्या घोड्याच्या भुकेचं सगळं शास्त्र त्या डब्याच्या तळाशी निघालं. किती टांगेवाल्यांना शिकवलं होतं!

"म्हणजे ती मुद्दाम हरायची?" मी विचारलं. "मला येऊन सांगायची, थोडक्यात गेलं म्हणून."

"जिकली आसती तर पुढल्या साली कशापायी आली आसती?" जैनू म्हणाली. "गेल्या साली डबा आला न्हाई. मी बसले हुते हितंच. उटा आता, फेरा घाला. हरला न्हवं?"

मी उठलो. सोपानच्या अंगणात, डोक्याला पागोटं, अंगात बंडी, गुडघ्यात कळ, अशा थाटात मी उजव्या हाताची सोंड केली आणि डुलायला लागलो. पोरी टाळ्या पिटत होत्या. एक म्हणाली, हत्ती लंगडतोय. अर्धा फेरा झाला आणि मला दिसलं की पाटाभोवती मातीत एक गोल वाट पडलेली आहे. त्या वाटेवर गोदानं किती फेरे घातले असतील. माझे पाय थांबले. सोंड तशीच लोंबकळत राहिली.

"दाजी," जैनू खालच्या आवाजात म्हणाली, "फेरा अर्दा सोडायचा न्हाई. तिनं कदी सोडला न्हाई."

मी फेरा पुरा केला. चांगला डुलत केला. मग सगळ्यांनी चणे-गूळ खाल्ले. चण्यांना थोडा घोड्याचा वास होता. कुणी कुरकुर केली नाही.

दुसऱ्या दिवशी जैनू मळवलीला सोडायला आली. डबा रिकामा परत द्यायचा नसतो म्हणून तिनं त्यात दोन सीताफळं बसवून दिली, झाकण लागेना तरी. "पुढल्या साली तरी कायतरी दुसरं आना," ती म्हणाली, आणि गाडी हलेपर्यंत मला दुरून सोंड करून दाखवत राहिली.

पुणे स्टेशनात मी वेळेवर उतरलो. फाटकापाशी गणपत उभा होता.

"काय काय मजा केलीत, आबा?"

"हवा खाल्ली, दरी बघितली, चिखलात पडलो, खेकड्यानं चावलं, पाहुणा म्हणून आणलेला खेकडा खाल्ला."

"वा! इकडं एक काळजीच आहे. अश्विन अर्धा झाला आणि सर्जाचे चणे काही सरत नाहीत. दिले तेवढेच खातो. आजारी तर नसेल?"

मी सर्जाच्या मानेवरून हात फिरवला. त्यानं माझ्या खिशात तोंड घातलं, खिसा रिकामा होता, तरी हुंगत राहिला. "घोडा ठणठणीत आहे," मी म्हटलं. टांग्यात मागं बसलो, डबा मांडीवर घेतला. अड्ड्यावरचे सगळे कान टवकारून बसले होते. शेवटी एकानं विचारलंच, "आबा, जिंकलात का?"

"थोडक्यात गेलं," मी मोठ्यानं म्हटलं. "पुढच्या वर्षी बघा तुम्ही."